घराबाहेरचे दिवे: कुठले काढायचे, कसे झाकायचे, कधी बदलायचे

किनाऱ्यालगतच्या घरांमधून एक गोष्ट सर्रास दिसते. खळ्यातला (अंगणातला) साठ वॅटचा पिवळा बल्ब जाऊन तिथे तीस वॅटचा पांढरा एलईडी फोकस आलेला असतो, आणि वीज निम्म्यावर आली म्हणून तो 'पर्यावरणपूरक' समजला जातो. जुना साठ वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन (उजेडाचं माप) उजेड द्यायचा. तीस वॅटचा फोकस ३,००० देतो. वीज निम्मी झाली खरी, पण उजेड चौपट झाला, तोही निळसर पांढरा. फोकस तिरका बसवलेला, त्यामुळे त्यातला बराचसा गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर पडतो. आणि दुसऱ्या पावसाळ्यात आत पाणी शिरून तो बंद पडला, की अख्खी फिटिंग भंगारात.

गफलत होते ती क्रमात. बहुतेक जण सुरुवातच दुकानातून करतात, तर खरेदी ही शेवटची पायरी असायला हवी. आधी मोजणी, मग नको ते काढणं, मग दिशा आणि आडोसा, मग उजेड कमी करणं, मग रंग, मग वेळ बांधणं, आणि काही उरलंच तर खरेदी. पहिल्या तीन पायऱ्यांना फारसे पैसे लागत नाहीत आणि निम्म्याहून जास्त काम तिथेच उरकतं.

हे काम ऑक्टोबरात करा. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात आणि हे मे महिन्यापर्यंत चालतं. पुळणीवर उजेड असला की माद्या परत फिरतात आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे जातात, म्हणून हंगामाआधीच हे उरकायचं. नाहीतरी दिवाळीआधी घराची रंगरंगोटी निघतेच, शिडी बाहेर असते, वायरमनही येऊन जातो.

## १. दोन रात्रफेऱ्या

लागणारं सामान: वही, मोजपट्टी, एक जुनी सीडी (पाचव्या पायरीत रंग ओळखायला), आणि घरात बटणांपाशी थांबायला एक माणूस.

पहिली फेरी घराभोवती. पुढचं दार, पडवी, खळं, मागचं दार, विहीर, गोठा, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), फाटक, नारळी-पोफळीची वाडी, पाट्यांवरचे दिवे, सजावटीच्या माळा, काही सोडू नका. प्रत्येक दिव्यासाठी वहीत सहा गोष्टी लिहा: जागा, जमिनीपासून उंची, वॅट, रंग, रोज किती तास चालू, आणि त्याचा उपयोग नेमका कोणाला. शेवटचा रकाना भरताना बरेच जण अडखळतात. तिथे 'असाच' लिहावं लागलं तर तेही लिहा, पुढे कामी येईल.

दुसरी फेरी पुळणीवरून, आणि तीच जास्त महत्त्वाची. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. त्या दिवसांत भरती अकरा-बाराच्या सुमारास असते, त्यामुळे साडेसात-आठला चालायला वाळू मोकळी मिळते. टॉर्च बंद ठेवून, फोन खिशात टाकून पंधरा-वीस मिनिटं समुद्राकडे बघत बसा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग वळून घराकडे बघा. आधी उभं राहून, मग वाळूवर बसून, मग जवळजवळ आडवं होऊन. पिल्लाचे डोळे वाळूपासून दोन बोटांवर असतात. उभ्या माणसाला दिसणारा दिवा मर्यादवेलीच्या उंचवट्यामागे लपत असेल तर तेवढा बचाव आहे, पण मादी वर चढून येते तेव्हा तिला तो दिसतोच.

आता घरातल्या माणसाला एकेक बटण बंद करायला सांगा आणि प्रत्येक दिव्यापुढे तीनपैकी एक खूण करा. दिव्याचा बल्ब थेट दिसतो: 'अ'. बल्ब दिसत नाही, पण उजळलेली भिंत किंवा झाडाचा शेंडा दिसतो: 'ब'. काहीच दिसत नाही: 'क'.

सावधान: ही फेरी नोव्हेंबर ते मे या काळात करू नका. करावीच लागली तर भरतीरेषेखालच्या ओल्या वाळूवरून चाला, वरच्या कोरड्या वाळूत जाऊ नका. घरटी तिथेच असतात आणि वरून कळत नाहीत.

किनाऱ्यापासून लांब, घाटाच्या पायथ्याशी घर असेल तर दुसरी फेरी ओढ्याच्या किंवा रायीच्या बाजूने करा. तिथे कासवं नाहीत, पण मे अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत काजवे असतात. काजव्यांची नर-मादी एकमेकांना लुकलुकीने शोधतात, आणि जवळच्या फोकसमध्ये ती लुकलुक बुडून जाते.

## २. नको ते काढा

वहीत 'असाच' लिहिलेले सगळे दिवे आता काढायचे. सहसा हे निघतात: माडाच्या बुंध्याशी लावलेले वर तोंड करणारे दिवे, फाटकाच्या खांबांवरचे गोल ग्लोब, समुद्राकडच्या कठड्यावरच्या माळा आणि रात्रभर जळणारी होमस्टेची पाटी. ग्लोबचा निम्मा उजेड आकाशात जातो, त्यामुळे त्याला दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. तो काढायचाच.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: साप-जनावराचं काय? मागच्या दारी रात्रभर दिवा असला की साप येत नाही, ही समजूत पक्की आहे. पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ आठवा. दिव्याखाली पंखवाल्या वाळवीचा सडा पडतो, तो खायला बेडूक आणि पाली गोळा होतात, आणि बेडकांमागे साप येतो. दिवा माणसाला साप दिसावा म्हणून हवा, तेव्हा तो माणूस बाहेर पडेल त्या वेळी आणि पाय पडेल त्या जागी हवा. रात्रभर जळणारा पांढरा दिवा उलट सापाचं खाद्य दाराशी आणून ठेवतो. मागच्या दाराला पुढे सांगितलेला सेन्सर लावा, आणि चिऱ्यांचे ढीग, करवंट्या, झावळ्या दारापासून लांब हलवा.

दुसरा आक्षेप चोरीचा. सीसीटीव्ही असेल तर कॅमेऱ्याला अंधारात पांढरा उजेड लागत नाही, तो इन्फ्रारेडवर बघतो. मात्र हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर रात्री रंगीत चित्रासाठी पांढरे एलईडी असतात आणि ते आपोआप लागतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. फेरीत 'अ' खूण पडलेला दिवा कुठला ते कळत नसेल, तर बहुधा हाच असतो.

सावधान: नुसता बल्ब काढून होल्डर उघडा ठेवू नका. खारट हवेत आतल्या पिना गंजतात आणि पावसात ओल धरून शॉक बसतो. एमसीबी खाली पाडा, टेस्टरने खात्री करा, वायर मागे ओढून जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टर लावून बंद करा. नुसती काळी टेप गुंडाळलेला जॉइंट इथल्या हवेत दोन वर्षांत हिरवा पडतो.

## ३. दिशा आणि आडोसा

उरलेल्या दिव्यांपैकी 'अ' खुणेचे आधी घ्या. पहिला प्रश्न: हाच दिवा घराच्या दुसऱ्या बाजूला लावून काम होईल का? समुद्राकडच्या भिंतीवरचा दिवा जमिनीकडच्या भिंतीवर नेला, तर अख्खं घरच त्याचा आडोसा होतं. वाटेवरचा दिवा हलवता येत नसेल, तर तो वाटेच्या समुद्राकडच्या कडेला लावा, तोंड गावाकडे आणि खाली. गावाकडच्या कडेला लावून समुद्राकडे तोंड केलेला दिवा कितीही लहान असला तरी पुळणीवरून दिसणारच.

फोकस असेल तर त्याची काच जमिनीला समांतर करा. ब्रॅकेट सैल करून काच पूर्ण खाली वळवणं हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. काच खाली केल्यावर 'लांबचं दिसत नाही' अशी तक्रार येते. लांबचं उजळायचं कारण काय, ते वहीतल्या रकान्यात बघा.

उंची भिंतीवर २ ते २.५ मीटर पुरे. पाखाडीच्या पायऱ्यांना वरून दिवा देण्यापेक्षा गडग्यातच गुडघ्याखाली, ३० सेंटिमीटरवर, एकेक वॅटचे दिवे बसवा. चिऱ्यात खाच मारून ते आत घेता येतात.

साध्या बल्बला घरच्या घरी टोपी करता येते. पडवीत किंवा वळचणीखाली, जिथे पाऊस थेट येत नाही, तिथेच ती चालते.

सामान: ४ इंची पीव्हीसी पाइपचा २० सेंटिमीटर तुकडा, त्याचं बंद झाकण, लटकता होल्डर, पॉलिश पेपर, काळा मॅट रंग.

पाइप आतून पॉलिश पेपरने खरखरीत करा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. आतून दोन हात काळा मॅट रंग द्या. चकचकीत काळा नको, तो उजेड परत फेकतो. रंगाला कंटाळून ही पायरी गाळली तर पांढरा पाइपच दिव्यासारखा उजळतो आणि केलेली मेहनत वाया जाते. झाकणाच्या मधोमध भोक पाडून होल्डरची वायर त्यातून घ्या, आत गाठ मारा म्हणजे बल्बचा भार जॉइंटवर येणार नाही. उष्णता जाण्यासाठी झाकणाजवळ, गावाकडच्या बाजूला ६ मिलिमीटरची दोन भोकं ठेवा.

होल्डर आणि बल्ब मिळून साधारण १५ सेंटिमीटर होतात, म्हणजे बल्बचं टोक पाइपच्या काठापासून ५ सेंटिमीटर आत राहतं. हे माप सांभाळा. एवढ्यावर उजेड सुमारे ४५ अंशांत कापला जातो: २.२ मीटरवर टांगलेला दिवा खाली साधारण तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ उजळतो आणि बाजूने बघणाऱ्याला बल्ब दिसत नाही. टोक काठाशी आलं तर टोपी नावापुरतीच.

सावधान: या टोपीत फक्त एलईडी, तोही ५ वॅटपर्यंतचा. जुना तारेचा बल्ब किंवा हॅलोजन लावला तर पीव्हीसी मऊ पडतो. नऊ वॅटचा एलईडी लावला तर तो जळणार नाही, पण वर साठलेल्या उष्णतेने त्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) लवकर जाईल.

तपासा: दिव्यापासून दहा पावलं समुद्राकडे जा. बल्ब किंवा काच डोळ्यांना थेट दिसत असेल तर पुढची पायरी घेऊ नका.

'ब' खुणेवर उपाय सोपा आहे. समुद्राकडची पांढरी भिंत उजळत असेल तर दिवा भिंतीपासून जरा लांब घ्या, किंवा तेवढा भाग मातकट रंगाने रंगवा. केवडा, उंडी अशी किनाऱ्याची मूळ झाडी समोर असेल तर ती तोडू नका. पण नुसत्या झाडांच्या भरवशावरही राहू नका. वाऱ्याने फांदी हलली की दिवा दिसतो.

## ४. उजेड कमी करा

वॅट बघायचं सोडा, खोक्यावर ल्युमेन वाचा. बऱ्या एलईडीला वॅटमागे ९० ते १०० ल्युमेन धरा. दारापाशी कुलूप दिसायला २०० ते ३०० ल्युमेन भरपूर होतात, म्हणजे ३ वॅट. पायरीला ५० ते १०० पुरतात. गाडी लावायच्या जागेला ४०० ते ६००, आणि तोही सेन्सरवर. यापेक्षा जास्त उजेड केला की वर्तुळाबाहेरचा अंधार अधिक गडद वाटतो, मग माणूस आणखी एक दिवा लावतो, आणि हे थांबत नाही.

पायऱ्यांच्या कडांना दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा ओढा. चुन्याचा असला तरी चालेल, दरवर्षी पावसानंतर पुन्हा द्यावा लागतो इतकंच. काळ्या पडलेल्या शेवाळी जांभ्यावर कड दिसावी म्हणून जो उजेड लागतो, त्याच्या चौथाईत काम होतं.

कमी उजेडावर आठवडाभर राहून बघा. पहिल्या रात्री अंधार वाटतोच, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विशेष. त्यांच्या वाटेवर उजेड वाढवण्याऐवजी खाली, पायांजवळ आणा.

## ५. रंग

खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे 'वॉर्म व्हाइट', २७०० त्याहून पिवळा, २२०० जवळजवळ समईसारखा. आकडा जेवढा लहान, तेवढा निळा भाग कमी. निळ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात आणि कासवाच्या डोळ्यालाही तोच जास्त दिसतो. अंड्यातून आलेलं पिल्लू क्षितिजाच्या खालच्या, उजळ बाजूकडे धावतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. गावाकडे पांढरे दिवे असले की ते उलटं वाळूवर चढतं, आणि सकाळपर्यंत कुत्री, कावळे, खेकडे किंवा ऊन त्याला गाठतं.

पुळणीवरून न दिसणाऱ्या दिव्यांना २७०० किंवा त्याखालचा रंग घ्या. इतकं करूनही ज्यांचा उजेड पुळणीवर दिसतो, त्यांना खरा अंबर लागतो, म्हणजे ज्यात निळा-हिरवा भाग जवळपास नसतो. ५६० नॅनोमीटरच्या वरचाच उजेड देणारे दिवे कासवांच्या किनाऱ्यांसाठी योग्य धरतात. अंबर एलईडी साधारण ५९० च्या आसपास असतो.

दुकानात 'पिवळा द्या' म्हटलं की ३००० चा वॉर्म व्हाइट हातात पडतो. डोळ्याला तो पिवळा दिसतो, पण त्यात निळा असतोच. ओळखायला सीडी वापरा: अंधाऱ्या खोलीत दिवा लावून सीडीची चकचकीत बाजू तिरकी धरा आणि तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब आणा. इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसेल. पांढऱ्या आणि वॉर्म व्हाइट दिव्याच्या पट्ट्यात निळी-जांभळी पट्टी स्पष्ट दिसते. खऱ्या अंबरमध्ये ती नसते, फक्त पिवळा-नारिंगी-लाल भाग दिसतो. दुकानदाराला ही करामत दाखवली तर तोही पुढच्या वेळी नीट माल देईल.

पांढऱ्या दिव्यावर पिवळा जिलेटिन कागद गुंडाळणं हा टिकाऊ उपाय नाही. उन्हाने तो महिन्या-दोन महिन्यांत फिका पडतो, आणि फिका पडल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही.

'अंडी तर कासवमित्र हॅचरीत नेतात, मग आमच्या दिव्याने काय होतं?' वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला हे हमखास ऐकू येतं. (कासवमित्र म्हणजे कासवांची घरटी राखणारे गावकरी, हॅचरी म्हणजे अंडी सुरक्षित पुरायची कुंपणातली जागा.) हॅचरीत अंडी जातात ती मादी वर येऊन घालून गेल्यावर. उजळलेल्या पुळणीवर ती वरच येत नाही, किंवा अंडी न घालता परत फिरते. शिवाय प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही.

सावधान: चालू असलेले ६५०० चे बल्ब फेकू नका. ते माजघरात, मांगरात, स्वयंपाकघरात वापरा. चांगला दिवा टाकून नवा आणला तर नव्याच्या घडणीतला सगळा भार उगाच वाढतो.

## ६. वेळ बांधा

बाजारात 'डे-नाइट सेन्सर' सगळ्यात स्वस्त मिळतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. तो दिवसा दिवा बंद ठेवतो, हे खरं. पण रात्री बारा तास तो चालूच असतो. हिशोब करा: तीस वॅटचा फोकस बारा तास, वर्षाला १३१ युनिट. त्याऐवजी टायमरवर ५ वॅटचा दिवा चार तास चालवला तर सव्वासात युनिट. जोडीला १० वॅटचा हालचालीवर लागणारा दिवा रोज अर्धा तास, आणि सेन्सरची स्वतःची खपत धरून आणखी सहा-साडेसहा. एकूण चौदाच्या आत. ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका खळ्यामागे वर्षाला ऐंशी किलोहून जास्त वाचतो.

टायमर घेताना आत बॅटरी आहे ना ते विचारा. चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज गेली तर दहाला बंद होणारा दिवा बाराला बंद होतो, आणि पावसाळ्यात आठवड्याभरात त्याचं गणित पार बिघडतं.

हालचालीच्या सेन्सरचे दोन प्रकार आहेत. पीआयआर शरीराची उष्णता ओळखतो, रडारवाला हालचाल. इथे पीआयआरच घ्या. रडारवाला जोराच्या पावसाने, हलणाऱ्या झावळीने, कधी भिंतीपलीकडच्या माणसानेही लागतो. पीआयआर २ ते २.५ मीटरवर असा बसवा की येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ त्याच्या दिशेने येणाऱ्याला तो उशिरा पकडतो. समोर केळीचं पान असेल तर ते छाटा: उन्हात तापलेलं पान वाऱ्याने हललं की संध्याकाळी दिवा सारखा लागतो. वेळेचा स्क्रू एक मिनिटावर आणा. कारखान्यातून बऱ्याचदा तो जास्त वेळेवर येतो.

तपासा: रात्री अकरा वाजता बाहेर कोणी नसताना एकही दिवा चालू नको. सेन्सरवाला दिवा अर्ध्या तासात कोणी न येता दोनदा लागला तर त्याची दिशा चुकली आहे. आणि तो रात्री काही क्षणच लागत असला, तरी त्याला टोपी आणि रंगाचे नियम लागू आहेतच.

## ७. आता खरेदी, आणि खारं वारं

किनाऱ्यावर दिवा बहुतेक वेळा चिप गेल्याने बंद पडत नाही. पाणी, मीठ किंवा विजेचा झटका ड्रायव्हरला मारतो. ड्रायव्हर वेगळा काढता येत असेल तर थोडक्यात काम होतं. सगळं एकत्र चिकटवलेलं असेल तर अख्खी फिटिंग जाते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको. फिटिंग उलटी करा आणि स्क्रू शोधा. स्क्रू नसतील, काच गोंदाने चिकटवलेली असेल, तर परत ठेवा.

पुढे हे बघा. आयपी६५ किंवा ६६ (धूळ आणि पाणी आत न शिरण्याचा दर्जा). बॉडी डाय-कास्ट ॲल्युमिनियमची पावडर कोटिंग केलेली, किंवा चांगल्या प्लास्टिकची, पत्र्याची नको. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ३०४ ला इथे वर्षा-दोन वर्षांत तांबूस डाग धरतात. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये थेट कसला तर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रू आतच अडकतो. नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना ग्रीस लावा.

बसवताना वायर फिटिंगमध्ये खालून शिरली पाहिजे. वरून आली तर पागोळीचं पाणी वायरीवरून सरळ आत जातं. शिरण्याआधी वायरीला १०-१५ सेंटिमीटरचा खाली लोंबणारा झोल द्या, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतील. ग्लँड (वायर आत शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच) वायरीच्या जाडीचा घ्या. बारीक वायर आणि मोठा ग्लँड असेल तर आयपी६६ चा काही अर्थ उरत नाही.

फटी भरायला सिलिकॉन वापरता, त्यात एक मेख आहे. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि आतलं तांबं, ॲल्युमिनियम खातं. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा. आणि सगळ्यात खालचं पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. आत जमणाऱ्या दमट हवेला वाट लागते.

बाहेरच्या दिव्यांच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा ड्रायव्हर पटापट जातात. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा. ती छपाई वॉरंटी संपायच्या आत पुसली जाते.

बसवल्यावर कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा दिवे बंद करून, गार झाल्यावर, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका.

सोलर घ्यायचा का? वायर ओढणं अवघड अशा जागी, उदाहरणार्थ वाडीच्या टोकाला, जरूर घ्या. घराला लागून असेल तर ५ वॅटचा दिवा विजेवरच बरा. पॅनेल, बॅटरी आणि दिवा एकाच पेटीत असलेल्या सोलरची अडचण अशी, की पॅनेल दक्षिणेला वळवलं की दिव्याचं तोंडही त्याच्याबरोबर ठरतं, मग ते समुद्राकडे का असेना. शिवाय बॅटरी दिवसभर उन्हात शिजते. पॅनेल वेगळं असलेला, बॅटरी बदलता येणारा आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा घ्या. पॅनेल दक्षिणेकडे, १७-१८ अंश कलता. माडाची सावली दिवसातून तासभर जरी पडली तरी चार्जिंग बरंच घटतं.

जून ते सप्टेंबर हे दिवे नीट चार्ज होत नाहीत आणि अर्धवट बॅटरीवर रोज चालून मरतात. बागेतले छोटे सोलर दिवे पाऊस लागायच्या आत उपटा, अर्धे चार्ज असताना बटण बंद करा आणि कोरड्या जागी टांगून ठेवा.

## ८. जुनं सामान

सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, त्या भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नका. घरात फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण ओल्या कागदाने किंवा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं काचेच्या बरणीत बंद करा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच.

लिथियम बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेप लावून ती वेगळी ठेवा. तांब्यासाठी वायरी जाळू नका. बंद एलईडी, ड्रायव्हर, सेन्सर एका डब्यात साठवा आणि तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी जाताना अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. २०२२ च्या ई-कचरा आणि बॅटरी कचरा नियमांनी जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे नवा माल घेताना दुकानात विचारायला संकोच नको. देण्याआधी फिटिंगमधले स्क्रू, ग्लँड, चांगली काच काढून घ्या. पुढच्या दुरुस्तीला तेच लागतं.

## ९. रस्त्यावरचा खांब आणि सणांचे दिवे

आपल्या घराचं सगळं केलं तरी पुळणीकडे बघणारा पथदिवा राहतोच. तो ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे स्वतः शिडी लावू नका. खांबाचा नंबर, पुळणीवरून काढलेला फोटो, आणि नेमकी मागणी असा अर्ज द्या: या नंबरच्या दिव्याला समुद्राच्या बाजूने टोपी, काच जमिनीला समांतर, पुढच्या बदलाच्या वेळी अंबर, आणि नोव्हेंबर ते मे अकरानंतर बंद. 'दिवे कमी करा' एवढ्याच अर्जाला उत्तर मिळत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय आला तर हंगामाआधी ठराव होऊ शकतो. २६ जानेवारीला फार उशीर झालेला असतो.

शिमग्यात पालखी नाचते त्या सुमारास पिल्लं निघत असतात. सहाणेवर (पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर) हॅलोजन लागणारच, ते नको म्हणून कोणी ऐकणारही नाही. त्यांचं तोंड मंडपाकडे वळवायचं आणि पालखी उठली की बटण बंद करायची जबाबदारी नावानिशी एकाला द्यायची, एवढं आधीच ठरवा. ३१ डिसेंबरच्या पाहुण्यांसाठी होमस्टेवाल्यांनी खोलीतच पाटी लावावी: अकरानंतर समुद्राकडचे पडदे ओढा, पुळणीवर टॉर्च आणि फ्लॅश नको. पडदे जाड कापडाचे लावा, कारण पातळ पडद्याआडची खोली पुळणीवरून कंदिलासारखी दिसते.

सगळं झालं की हंगाम सुरू व्हायच्या आत, चंद्र नसलेल्या रात्री पुन्हा एकदा वाळूवर बसा. वही सोबत घ्या. 'अ' खूण एकही उरायला नको; उरली तर परत तिसऱ्या पायरीवर या. पुढची तपासणी थेट पुढच्या ऑक्टोबरात. पावसाळ्यातल्या वाऱ्याने ब्रॅकेट सैल होऊन खाली वळवलेल्या काचा पुन्हा वर आलेल्या असतात.